वरच्या मजल्याचा स्लॅब उन्हाळ्यात तापतो, पावसाळ्यात गळतो, दर वर्षी तेच: नक्की काय करायचं?

शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. मार्च संपत आला की घर तापायला लागतं, रात्री अकराला पण पंखा गरम हवाच खाली टाकतो, एसी अठरावर ठेवला तरी खोली गार होत नाही आणि बिल बघून घाम फुटतो तो वेगळाच. मग जून येतो आणि बेडरूमच्या कोपऱ्यात, कठड्याच्या बाजूने, आधी पिवळा डाग, मग पोपडे, मग थेंब. उन्हाळ्यासाठी एसीवाला बोलावतात, पावसाळ्यासाठी वॉटरप्रूफिंगवाला, दोघं आपापलं काम करून पैसे घेऊन जातात आणि दोन-तीन वर्षांत ये रे माझ्या मागल्या. मी गच्ची दुरुस्तीच्या साइटवर बरीच वर्षं काम करतोय आणि माझं ठाम मत झालंय की हे दोन आजार नाहीतच, एकच आहे. स्लॅबला थेट ऊन लागतं म्हणून घर तापतं, आणि तेच ऊन खाऊन स्लॅब रोज पसरतो नि आकसतो म्हणून वरचं वॉटरप्रूफिंग फाटतं. स्लॅबवर नीट इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, पडलं की दोन्ही त्रास एकदम कमी होतात. लोक पुन्हा पुन्हा पैसे घालतात आणि तरी भोगतच राहतात, ते बघवत नाही म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी खात्री करा की उष्णता स्लॅबमधूनच येतेय

एक टेम्परेचर गन मिळवा, ती इंडस्ट्रियलवाली, तीन-चारशे अंशांपर्यंत मोजणारी. कोविडच्या वेळी घेतलेली कपाळावर धरायची गन इथे चालत नाही, ती अंगातल्या तापापुरतीच असते. कडक उन्हाच्या दिवशी दुपारी दोनला, संध्याकाळी सात-साडेसातला आणि रात्री अकराला, एसी बंद ठेवून, छताच्या खालच्या बाजूचं, चारही भिंतींचं आणि फरशीचं तापमान घ्या आणि लिहून ठेवा. चकचकीत स्टीलवर गन धरू नका, आकडे चुकीचे येतात. गन नसेल तर पंखा बंद करून स्टुलावर चढा आणि छताला तळहात लावा, तेवढ्यानेही बरंच कळतं.

आता आकडे वाचायचे कसे. दुपारी दोनला छत ठीकठाक आणि संध्याकाळी सात-आठला सगळ्यात गरम, आतल्या भिंतींपेक्षा चार-पाच अंशांनी किंवा जास्त वर, तर दोष स्लॅबचा. पाच-सहा इंची काँक्रीटमधून ऊन खालपर्यंत झिरपायला चार-पाच तास लागतात, म्हणून दुपारचं ऊन रात्रीच्या जेवणाच्या वेळी घरात पोचतं, आणि बाहेर हवा गार झाली तरी आत घामाच्या धारा असतात. छतापेक्षा पश्चिमेची भिंत जास्त तापलेली असेल तर गोष्ट वेगळी, ते खाली लिहिलंय. छत आणि भिंती दोन्ही बऱ्यापैकी आणि तरी खोली गरम, तर मग खिडक्या, फटी नाहीतर एसीचा गॅस बघा, गच्चीवर खर्च करू नका. आणि एक सोपी खूण: तुमच्याच खाली, त्याच दिशेला असलेल्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी जाऊन बसा. ऊन तेच, खिडक्या त्याच, भिंती त्याच, फक्त डोक्यावर गच्ची नाही. दोन खोल्यांमधला जो फरक जाणवेल तो जवळजवळ सगळा स्लॅबचा.

असं का होतं

लोकांना वाटतं दक्षिणेची भिंत सगळ्यात जास्त तापत असेल. आपल्याकडे उन्हाळ्यात तसं नसतं. मे महिन्याच्या मध्याला मुंबईत दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर असतो, नागपूरला तो मेच्या शेवटाकडे येतो, म्हणजे दक्षिणेच्या भिंतीला ऊन तिरकं घासून जातं आणि गच्ची मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळं अंगावर घेते. बाहेर हवा ४३-४४ असताना करड्या, शेवाळ वाळून काळ्या पडलेल्या कोब्याचा, म्हणजे गच्चीवरच्या विटा-सिमेंटच्या थराचा, पृष्ठभाग ६० अंशांच्या वर सहज जातो. अनवाणी जाऊन बघू नका, पाय भाजतात.

आणि काँक्रीट उष्णता अडवत नाही, ते ती आरामात पुढे पाठवतं. ढोबळ हिशेब सांगतो. उघड्या स्लॅबची यू व्हॅल्यू, म्हणजे एका चौरस मीटरमधून एका अंशाच्या फरकाला किती वॉट उष्णता आत येते तो आकडा, साधारण ३ धरा. १२ बाय १२ फुटांची खोली म्हणजे सुमारे १३.४ चौरस मीटर. वर ६० अंश आणि खोलीत २६ हवे असतील तर फरक ३४ अंशांचा. गुणाकार केला की १३५०-१४०० वॉट येतात. म्हणजे एक मोठा हीटर छताला उलटा टांगून चालू ठेवलाय आणि एसी त्याच्याशी झगडतोय, दीड टनाच्या एसीची पाव ताकदीहून जास्त नुसती या छतातच जाते. त्याच स्लॅबवर ५० मिमीचा एक्सपीएस बोर्ड (थर्माकोलच्याच जातीचा, पण घट्ट फोमचा) टाकला की यू व्हॅल्यू ०.५ च्या आसपास येते आणि तेच १४०० वॉट सव्वादोनशेवर येतात. प्रत्यक्षात स्लॅब उष्णता साठवतो, सोडतो, त्यामुळे क्षणाक्षणाचा आकडा बदलतो, पण प्रमाण हेच राहतं. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, म्हणजे एसी-फ्रिजला स्टार देणारी सरकारी संस्था, तिने २०१८ मध्ये घरांसाठी इको निवास संहिता आणली, तिच्यात छताची यू व्हॅल्यू १.२ पेक्षा जास्त नसावी असं म्हटलंय. आपल्या उघड्या स्लॅबचा आकडा त्याच्या अडीच पट. २५ मिमीचा बोर्ड नीट बसवला तरी आपण त्या मर्यादेच्या आत येतो.

हे झालं गरमीचं. आता गळतीचं, आणि हा भाग कृपया नीट वाचा, कारण इथेच सगळ्यांची गाडी अडते.

काँक्रीट तापलं की पसरतं. १० मीटर लांबीचा स्लॅब ३० अंशांनी तापला तर साधारण ३ मिमी वाढतो. ऐकायला काहीच वाटत नाही, पण हे रोज होतं, दुपारी वाढायचं, पहाटे आकसायचं, ऑक्टोबर हीट धरून वर्षातले किती महिने बघा. स्लॅबच्या कडेला विटांचा कठडा उभा आहे, तो वेगळ्या मापाने हलतो, त्यामुळे स्लॅब आणि कठडा यांचा सांधा सगळ्यात आधी सुटतो. तिथला वाटा, म्हणजे कोपऱ्यात सिमेंटने गोलाई देतात तो, त्याच्यावर केसाएवढी चीर पडते. वरून मारलेलं केमिकल कोटिंग उन्हाने कडक होत जातं, त्याचा ताण सोसायचा गुण दोन-तीन उन्हाळ्यांत जातो, मग ते स्लॅबबरोबर पसरत नाही, तुटतं. आणि मग मृगाची पहिली सर. दिवसभर तापून ६० वर गेलेल्या गच्चीवर पंचवीस अंशांचं पाणी धो धो पडतं, वरचा थर दहा मिनिटांत आकसतो, खालचा अजून गरम. भेगा पडायला याहून वाईट काय पाहिजे, आणि भेग पडते त्याच वेळी पाणी वर उभं असतं.

तिथून पुढे घराच्या ताकदीचा प्रश्न सुरू होतो. पाणी सळईपर्यंत गेलं की सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो, सळई फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून देते. छताचे खपले पडतात ते यामुळे. म्हणून मी म्हणतो इन्सुलेशन म्हणजे नुसती एसीची बचत नाही. इन्सुलेशन स्लॅबच्या वरून असेल तर स्लॅब रात्रंदिवस जवळपास एकाच तापमानात राहतो, हलतो कमी, त्याच्यावरचं वॉटरप्रूफिंग ऊन आणि पाऊस दोन्हींपासून झाकलेलं राहतं आणि खूप जास्त टिकतं. इमारतीचं बाहेरचं कवच वाचतं.

लोक काय करतात आणि ते का परत उलटतं

सगळ्यात कॉमन उपाय म्हणजे जुन्या कोब्यावर नवीन कोबा. विटांच्या तुकड्यांचा कोबा ही वाईट गोष्ट नाही, उतार मिळतो, थोडी गरमीही अडते, पण चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास जातं. हजार स्क्वेअर फुटांच्या गच्चीवर हिशेब केला तर अठरा-वीस टन. त्यावर दुसरा थर म्हणजे आणखी तेवढंच, आणि तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या स्लॅबवर, ज्याच्या सळया आधीच गंजताहेत. ५० मिमीच्या एक्सपीएसचं वजन चौरस मीटरला दोन किलोसुद्धा भरत नाही, ही तुलना सोसायटीच्या मीटिंगमध्ये आवर्जून मांडा.

अकोल्याच्या एका इमारतीची गच्ची आम्ही एप्रिलमध्ये फोडली होती. सहा महिने पावसाचा थेंब नाही, बाहेर अंगाची लाही होतेय, वरचा थर खडखडीत वाळलेला. ब्रेकरने तो उचकटला, खाली दुसरा कोबा निघाला, त्याच्याखाली आणखी एक, आणि सगळ्यात खालचे विटांचे तुकडे हाताला ओले लागले, दाबले की बोटांना पाणी. कोंदट वास. कठड्याजवळचा वाटा फुटलेला होता आणि त्या चिरेत मोटरसायकलची किल्ली अर्धी आत जात होती. प्रत्येक वेळी वरून थर चढवला आणि खालचं पाणी तिथेच कोंडलं, ते गेल्या कित्येक पावसाळ्यांपासून स्लॅबमध्येच मुरत होतं. खाली राहणाऱ्या काकू सांगत होत्या की पाऊस नसतानासुद्धा डाग ओला होतो, आणि कुणी विश्वास ठेवत नव्हतं. त्या बरोबर होत्या.

दुसरा उपाय आतून फॉल्स सीलिंग. त्यात वर थर्माकोल किंवा ग्लासवूल टाकून देतात. खोलीत फरक पडतो, हे खोटं नाही, भाड्याच्या घरात किंवा सोसायटी काही करूच देत नसेल तर ग्लासवूल, रॉकवूलवालं सीलिंग चालेल. पण स्लॅब उन्हातच राहिला. उलट खाली उष्णता उतरायला वाट नाही म्हणून तो आधीपेक्षा जास्त तापतो, जास्त हलतो. आणि गळती सुरू झाली तर ती सीलिंगच्या वर लपते, तुम्हाला कळेपर्यंत जिप्समचा बोर्ड फुगून खाली आलेला असतो. साधं थर्माकोल सीलिंगमध्ये टाकू नका, तिथे लाइटच्या वायरी असतात, आगीचा धोका आहे.

तिसरा, एक टनाचा एसी काढून दोन टनाचा बसवणं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. उष्णता येतेच आहे, फक्त ती बाहेर फेकायला जास्त वीज जाळायची.

नीट उपाय, थरांचा क्रम

आधी ओल, मग इन्सुलेशन. हा क्रम उलटा झाला तर सगळं वाया. जुने थर मूळ स्लॅबपर्यंत काढायचे, स्लॅब सुकू द्यायचा, गंजलेल्या सळया असतील तर त्या घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मॉर्टरने भरून घ्यायच्या, आणि तीस वर्षांवरची इमारत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हात लावायचा नाही. इन्सुलेशन कमजोर स्लॅबला उचलून धरत नाही, चांगल्या स्लॅबला चांगलं ठेवतं.

मग उतार. आउटलेटकडे पाणी पळालं पाहिजे, शंभरात एक तरी. जमलं तर हलक्या मालाचा उतार करा. पाइपाचं तोंड आजूबाजूपेक्षा खाली पाहिजे, कितीतरी गच्च्यांवर ते अर्धा इंच वर असतं आणि तिथेच तळं साचतं. कडेने वाटा नवा करा. त्यावर वॉटरप्रूफिंग, मेम्ब्रेन (गुंडाळीतून येणारी जलरोधक चादर) असो की दोन-तीन हातांचं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं, कोटिंग, कठड्यावर निदान फूटभर वर चढवलेलं. आणि आता पाणी भरून चाचणी: आउटलेट बुजवून दोन इंच पाणी ४८ तास उभं ठेवायचं आणि खालच्या घरात जाऊन छत बघायचं. कॉन्ट्रॅक्टर घाई करेल, म्हणेल काही होत नाही साहेब, तरी सोडू नका. इन्सुलेशन पडल्यावर गळती शोधणं फार अवघड जातं.

चाचणी पास झाली की पाणी काढून, सुकवून, वॉटरप्रूफिंगच्या वर एक्सपीएसचे बोर्ड. म्हणजे इन्सुलेशन वर आणि वॉटरप्रूफिंग खाली, बरेच लोक याच्या उलट करतात. उलट केलं तर गरमी अडते पण मेम्ब्रेन परत उन्हात, आणि खाली इन्सुलेशन असल्याने ती आणखी तापते. वर एक्सपीएसच का, तर त्याच्या पेशी बंद असतात, पाणी फारसं पीत नाही आणि माणसं चालली तरी दबत नाही. साधं पांढरं थर्माकोल पाणी धरतं, गच्चीवर ओल्या जागेत ते टाकू नये. बोर्ड एकमेकांना घट्ट लावायचे, कडांना खाच असलेले मिळाले तर उत्तम, फटीतून ऊन खाली जातंच. पेट्रोल-थिनरवालं कुठलंही गोंद लावू नका, बोर्ड विरघळतो. आणि टॉर्चने, म्हणजे गॅसच्या ज्योतीने, चिकटवायची मेम्ब्रेन असेल तर ते काम बोर्ड येण्याआधी पूर्ण झालेलं पाहिजे.

बोर्डांवर जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे सिमेंटचं पाणी सांध्यांत शिरत नाही, आणि त्यावर दीड-दोन इंची जाळीवालं काँक्रीट नाहीतर फरशा. वर वजन पाहिजेच, नाहीतर जोराच्या पावसात पाणी साचलं तर बोर्ड तरंगतात आणि वादळात उडतात. ह्या वरच्या काँक्रीटबद्दल एक गोष्ट मिस्त्रीला दहा वेळा सांगा: ते आता आधीच्या कोब्यापेक्षा जास्त तापणार आहे, कारण उष्णता खाली जाऊ शकत नाही. म्हणून दोन-अडीच मीटरवर सांधे कापायचे, आणि कठड्याला भिडवायचं नाही, कडेने बोटभर फट ठेवून ती लवचिक सीलंटने भरायची. हे केलं नाही तर तापलेलं काँक्रीट कठड्याला ढकलतं आणि परत तिथेच भेग. सगळ्यात वर पांढरा किंवा फिका रंग. चायना मोझॅक, पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं, हे तर सोन्याहून पिवळं, ऊन परतवतं आणि वर्षानुवर्षं टिकतं.

जाडी किती? विदर्भ, मराठवाडा, खानदेश, सोलापूर या पट्ट्यात ५० मिमी करा, मजुरी तीच लागते, बोर्डाच्या फरकासाठी कंजुषी नको. पुण्यात, कोकण किनाऱ्यावर बजेट अगदीच कमी असेल तर २५-३० मिमी पण चालेल. पीयू फोमचा स्प्रे हा दुसरा पर्याय, तो सांध्याविना एकसंध बसतो आणि तेवढ्याच जाडीत जास्त उष्णता अडवतो, पण उन्हात उघडा राहिला तर पिवळा पडून भुगा होतो, त्याच्यावर झाकण पाहिजेच.

एवढं करणं शक्य नसेल तर

गच्ची गळत नसेल, फक्त तापत असेल, तर पांढरं कूल रूफ कोटिंग हा सगळ्यात स्वस्त आणि पटकन होणारा उपाय. चुना आणि गोंद मारला तरी त्या उन्हाळ्यापुरता चांगला फरक पडतो, पावसात धुऊन जातो एवढंच. रेडिमेड कोटिंग घेतलं तर डब्यावर एसआरआय नावाचा आकडा बघा, तो ऊन किती परतवतं ते सांगतो, शंभराच्या जवळ जितका तितकं चांगलं. दर मार्चमध्ये गच्ची झाडून धुवा, धूळ बसली की पांढऱ्याचा करडा होतो आणि अर्धा फायदा जातो. हिरवी नेट बांधत असाल तर ती डोक्याएवढ्या उंचीवर बांधा, खालून हवा फिरली पाहिजे, गच्चीला चिकटवून टाकली तर काही उपयोग नाही. सोलर पॅनलनेही खालचा भाग सावलीत येतो, हा छान जोडफायदा आहे, आता सूर्यघर योजनेमुळे बरेच जण बसवताहेत, फक्त स्टँडचे बोल्ट वॉटरप्रूफिंगला भोकं पाडतात, त्यामुळे आधी गच्चीचं काम, मग सोलर. टाकी, डिश, वाळवणाच्या तारांचे खांब, सगळ्यांना हाच नियम.

पत्र्याचं घर असेल तर गणित वेगळं आहे. पत्रा उष्णता साठवत नाही, ऊन आलं की दहा मिनिटांत तापतो, ढग आला की निवतो, आणि तापलेला पत्रा खाली झळा मारतो. तिथे चकचकीत फॉइल कामाला येते, पण फॉइल आणि पत्रा यांच्यात इंचभर मोकळी हवा पाहिजे, पत्र्याला चिकटवून लावली तर फॉइलचा गुण संपला. वर पांढरा रंग, खाली फॉइल, आणि दोन्ही टोकांना गरम हवा निघायला झरोका, या तिन्हींनी मिळून फरक पडतो.

भिंती आणि खिडक्या

पश्चिमेची भिंत संध्याकाळी तापते कारण मावळतीचं ऊन तिच्यावर सरळ येतं. इथे पहिला उपाय सावली: बाहेरून जाळी, वेल, बाल्कनीला वाळ्याचे किंवा बांबूचे पडदे. ऊन काचेच्या बाहेर अडवलं तर अडलं, आतला जाड पडदा उशिरा पडतो, ऊन तोवर घरात आलेलं असतं. नवीन बांधत असाल तर बाहेरच्या भिंती एएसी ब्लॉकच्या (आत हवेची बारीक छिद्रं असलेल्या हलक्या सिमेंट ब्लॉकच्या) करा, आठ इंची एएसी ब्लॉक नऊ इंची विटेपेक्षा कितीतरी जास्त उष्णता अडवतो आणि वजनालाही हलका, फक्त त्याच्या प्लास्टरला जाळी आणि बाहेरून चांगला वॉटरप्रूफ रंग लागतो, कारण तो पाणी पितो.

मुंबई-ठाणे-रायगड-रत्नागिरी आणि गोव्याकडच्या लोकांसाठी खास. तुमच्याकडे पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्या बाजूच्या भिंतीला ओल, लोणा, बुरशी येते आणि बरेच जण आतून पीव्हीसी पॅनल किंवा प्लास्टिकचा वॉलपेपर लावून ती झाकतात. असं करू नका. दमट हवेच्या प्रदेशात बाष्प बाहेरून आत ढकललं जातं, एसीमुळे आतली बाजू गार असते, आणि प्लास्टिकच्या मागे पाणी जमून बुरशी दुप्पट वाढते. लहान मुलं, दम्याचे पेशंट घरात असतील तर हे फार त्रासाचं. भिंत बाहेरून दुरुस्त करा, भेगा भरा, लवचिक एक्स्टिरिअर रंग मारा, आणि आतून श्वास घेणारा साधा रंग ठेवा.

फटींकडे कुणी बघत नाही. एसीच्या पाइपाचं भोक, स्लाइडिंग खिडकीचा झिजलेला ब्रश, बाथरूमच्या झरोक्याकडचा दरवाजा. रात्री एसी चालू असताना तिथे उदबत्ती धरा, धूर हलला की हवा जातेय. शंभर-दोनशे रुपयांत हे बुजतं.

काम केलं आणि तरी तापतंय?

एक कारण असं की इन्सुलेशन दोन्हीकडून अडवतं. घरात स्वयंपाक, माणसं, फ्रिज यांची उष्णता तयार होतच असते, ती आता छतातून रात्री बाहेर जात नाही. म्हणून दिवसा अकरा ते सहा खिडक्या बंद आणि पडदे लावलेले, आणि रात्री बाहेर गार झालं की समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या, ही सवय लावा. नागपूरकडे कूलर असेल तर हवा बाहेर जायला एक खिडकी उघडी पाहिजेच, नाहीतर नुसता दमटपणा. दुसरं कारण, कडेचे बीम आणि कठड्याजवळची पट्टी उघडी राहिलेली असते, उष्णता तिथून शिरते. गनने छताची कड आणि मध्य दोन्ही मोजा, कड गरम असेल तर कठड्याच्या आतल्या बाजूला फूट-दीड फूट उभे बोर्ड लावून घ्या. तिसरं, बोर्ड खरंच ५० मिमीचे होते का? बोर्ड उतरवताना पट्टीने मोजा आणि वजन करा, चांगला एक्सपीएस घनमीटरला ३०-३५ किलोचा असतो, फार हलका माल दबतो.

सोसायटीत हा विषय आला की खालच्या मजल्यांवरचे लोक म्हणतात वरच्यांची गरमी, आम्ही का पैसे भरू. त्यांना शांतपणे सांगा की गच्ची सगळ्यांची आहे, पावसाच्या पाण्याची गळती दुरुस्त करणं आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीचंच काम आहे, आणि इन्सुलेशन हा त्याच कामाचा एक थर आहे ज्याच्यामुळे तो खर्च लवकर पुन्हा करावा लागणार नाही. तरी अडलंच तर बोर्डाचा फरक वरच्या मजल्यांनी वाटून घ्यावा, मी अशा तोडग्याने कामं झालेली बघितली आहेत, आणि वर्षभरात कुणाचा वाद राहत नाही.

कोटेशन मागताना "वॉटरप्रूफिंग विथ इन्सुलेशन" एवढंच लिहून घेऊ नका. प्रत्येक थराचं नाव, जाडी, बोर्डाची घनता, कठड्यावर किती उंच चढवणार, सांधे किती अंतरावर, ४८ तासांची चाचणी कुणासमोर, हे सगळं लेखी पाहिजे. काम दिवाळीनंतर धरा, कोबा फोडून स्लॅब सुकायला तेव्हा कोरडी हवा मिळते आणि मार्चच्या आत वरचं काँक्रीट पाणी मारून तयार होतं. मे महिन्यात काम काढलं तर सिमेंट भाजून निघतं, पाणी मारायला टँकर मागवावा लागतो, आणि मृगाच्या आधी संपवायच्या घाईत चाचणीच गाळली जाते.